तिसाच्या पुढे

आठवड्याला चाळीस जोड बूट धुते मी.
इटेनची माती लाल आणि चिवट.
पहिल्या पाण्याला ती दाद देत नाही,
दुसऱ्यात नुसती सैल होते,
तिसऱ्या बादलीत बुटाचा रंग वर येतो
आणि कळतं, हा कुणाचा.

अंगठ्यापाशी भोक : नंडीकडून आलेला तो पोरगा,
नवे घे म्हटलं की हसतो.
मोज्यात रक्त असेल तर मी विचारत नाही,
गार पाण्यात वेगळं भिजवते.
चेलूलेचे मात्र दोन्ही तळ सारखे झिजलेले,
जणू कुणी पट्टी लावून घासले.

चेलूले ससा आहे.
मोठ्या शर्यतीत ठरल्या गतीनं सगळ्यांपुढे धावतो,
मागच्यांचा वारा आपल्या छातीवर घेतो
आणि तिसाव्या किलोमीटरला बाजूला होतो.
धावण्याचे नव्हे, मला वाटतं,
वेळेवर थांबण्याचेच पैसे मिळतात त्याला.

रविवारी रॉटरडॅमची शर्यत असली
की बादली तशीच सोडून मी जेरोटिचच्या हॉटेलात.
टीव्हीसमोर अख्खा बाजार, चहा एकाच्या हातात, घोट तिघांचे.
पडद्यावर बूट नवेकोरे, पोपटी;
मी धुतलेले इथेच तारेवर उलटे लटकताहेत.
पण पाय ओळखू येतात.
तीस आला.
चेलूले उजवीकडे सरकला, हात गुडघ्यांवर,
कॅमेरा पुढे निघून गेला.
सगळे पुढच्यांच्या नावानं ओरडत होते
आणि मी पडद्याच्या त्या कडेला बघत बसले
जिथून तो नाहीसा झाला.

मी स्वतः धावते
हे कुणाला सांगायला मला वर्ष लागलं.
या गावात धावणं हा धंदा आहे.
त्रेचाळीस वय, तीन पोरं, गुडघ्यात पाणी :
माझी नणंद म्हणाली, तुझ्यामागे कोण लागलंय?
पहाटे साडेपाचला कोण लागतं ते मला ठाऊक आहे.
आधी जमीन सांगते,
मग श्वास ऐकू येतात, वीस-पंचवीस जणांचे,
मग ते पुढे गेलेलेच असतात.
त्यांची धूळ माझ्या दातांत.
दुपारी तीच माझ्या बादलीत.

एकदा चेलूलेला विचारलं,
तिसाच्या पुढे काय असतं रे?
तो सुटे पैसे मोजत होता.
मला काय माहीत, म्हणाला, मी कधी गेलोच नाही.
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

एल्डोरेटला तिसाच्या खुणेशी काहीच नव्हतं.
पाण्याचं टेबल, तुडवलेले कप,
खुर्चीत पेंगणारा एक पोलीस.
मी उजवीकडे पाहिलं, सवयीनं,
जणू तिथं मलाही बाजूला व्हायचं होतं.
एकतिसाव्याला डाव्या मांडीनं माझं ऐकणं सोडलं.
तेहतिसाव्याला धाकट्याचं नाव आठवेना.
पस्तिसाव्याला एक म्हातारी सोबत चालू लागली,
हातात कोंबडी, बाजारात निघालेली,
आणि थोडा वेळ तीच पुढे होती.
नाव परत आलं ते अडतिसाव्याला,
एका मक्याच्या शेताशी, उगाचच.
पाच तास सहा मिनिटं.
पोरं कमान उतरवत होती,
मी एका हातानं ती धरून उभी राहिले,
म्हणून थोडा वेळ थांबली ती पोरं.

सोमवारी चेलूले बूट घेऊन आला.
मी पायऱ्या बसून उतरत होते, एकेक, ढुंगणावर.
तो हसला नाही.
दोरीवरच्या लाल, न धुतलेल्या जोडीकडे पाहिलं त्यानं,
डाव्या टाचेवरून बोट फिरवलं.
मग एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसला
आणि म्हणाला,
एकतीसपासून सांग.